कैलासवासी मनमिळाऊ

घरात एखादा लिहिणारा असला, की नातेवाइकांना त्याची आठवण दोनदाच येते : लग्नपत्रिका छापायची असते तेव्हा आणि घरातलं कुणी जातं तेव्हा. मधल्या काळात तो काय लिहितो, कुठे लिहितो आणि त्याचे पैसे मिळतात का, यांपैकी फक्त तिसऱ्या गोष्टीत त्यांना रस असतो. धाकटा मामा गेला आणि थोड्याच दिवसांत थोरल्या मामांनी मला आतल्या खोलीत बोलावून हातात दोनशे पानी वही ठेवली.

“शोकसभेत तू बोलायचंस. आधी लिहून काढ, म्हणजे आम्हाला बघता येईल.”

“त्यात बघायचं काय?”

“तसं नव्हे. पण तू काहीतरी लिहिशील.”

माझ्या एकूण लेखनाची इतकी नेमकी समीक्षा आजवर कुणी केलेली नाही.

नमुना म्हणून त्यांनी वर्तमानपत्रातली निधनवार्तांची कात्रणंही दिली. त्या रकान्यातला प्रत्येक जण मनमिळाऊ, धार्मिक आणि परोपकारी होता. एकानेही जन्मात शेजाऱ्याशी नळाच्या पाण्यावरून भांडण काढलेलं नव्हतं. मग आपल्याकडे रोज एवढी भांडणं होतात ती काढतं कोण? बहुधा जे अजून जिवंत आहेत ते. शिवाय प्रत्येकाच्या पश्चात ‘मोठा परिवार’ होता. लहान परिवार मागे ठेवून जायची आपल्याकडे पद्धतच नाही.

अडचण अशी, की धाकटा मामा मनमिळाऊ नव्हता. तो सातारच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता.

माझ्यापेक्षा तो सातआठ वर्षांनीच मोठा. आई भावंडांत थोरली आणि हा शेंडेफळ. त्यामुळे नात्याने मामा असला तरी वागायला वरच्या वर्गातला, नापास होऊन मागे राहिलेला मित्र. माझी पहिली सिगारेट, पहिला मॅटिनी शो आणि आजोबांच्या हातचा पहिला मार, हे तिन्ही त्याच्याच सौजन्याने. मार खाल्ल्यावर कळलं, की चुगलीही त्यानेच केली होती. विचारलं तर म्हणाला, “आज ना उद्या कुणीतरी सांगणारच होतं. मी वेळेवर सांगितलं.”

वेळ हा त्याचा धर्म होता. मामाचा जन्म १९४७ चा. एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली ती १ जून १९४८ ला. “एसटी माझ्यापेक्षा लहान आहे, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं,” असं तो म्हणे आणि निवृत्तीनंतरही ठेवी. स्वतः प्रवासाला निघाला, की दीड तास आधी स्टँडवर हजर. पण नियंत्रक म्हणून खिडकीत बसला, की एक मिनिट आधी गाडी सुटू द्यायचा नाही. गाडी भरलेली असो, प्रवासी ओरडत असोत, ड्रायव्हरने इंजिन सुरू केलेलं असो. मामाचा काटा सरकल्याशिवाय चाक सरकायचं नाही. घरी पाहुणे रेंगाळले, की तो तोंडापुढे हात धरून, नाकातून घोषणा करी, “कोरेगाव, रहिमतपूरकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे!” पाहुणे कुठल्याही गावचे असोत, दचकून उठत आणि पिशव्या मोजायला लागत.

माझ्या लग्नात गुरुजींचं पाचवं मंगलाष्टक चालू असताना मामाने घड्याळ बघितलं आणि अक्षता टाकून मोकळा झाला. त्याचं पाहून सगळ्या मांडवाने टाकल्या. बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. गुरुजी ‘सावधान’ म्हणेपर्यंत पहिली पंगत बसली होती. “मुहूर्त बारा सतराचा,” मामा शांतपणे म्हणाला, “गुरुजींचं घड्याळ दोन मिनिटं मागे. मी गाडी वेळेत सोडली.” संसारात आजवर जे जे बिघडलं, त्याचं खापर बायको त्या राहिलेल्या मंगलाष्टकांवर फोडते.

पैशाच्या बाबतीत त्याचा हात इतका आखडता होता, की घड्याळाला किल्ली देतानासुद्धा तो पूर्ण उघडत नसे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सरकारने पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यभर एसटी मोफत केली आणि मामाला पुन्हा तारुण्य आलं. आधार कार्ड छातीशी धरून तो महाराष्ट्र पालथा घालू लागला. फलटणला कोथिंबीर दोन रुपयांनी स्वस्त आहे म्हणून फलटणला. कोल्हापूरला एका हॉटेलात चहा मोठ्या कपात देतात म्हणून कोल्हापूरला. सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच, त्यामुळे दक्षिणेला कागलपर्यंत जायचा, पुढे कर्नाटक म्हणून मागे फिरायचा. एकदा सावंतवाडीमार्गे बांद्याला गेला, उभ्या उभ्या गोव्याच्या दिशेने बघितलं आणि परत आला. “गोवा काय, लांबून बराच वाटतो,” असा अहवाल दिला.

पुढच्याच वर्षी मार्चमध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं. मामा उत्साहाने मामींना म्हणाला, “आता तुम्हीही चला.” मामी म्हणाल्या, “तुमच्याबरोबर फिरायचं तर अर्धंही जास्तच आहे.”

आणि तरीही माझे वडील पुण्यात दवाखान्यात होते तेव्हा, कुणी न बोलावता, रात्रीच्या गाडीने डब्यात पिठलं-भाकरी घेऊन पहिला आला तो मामाच. वडील घरी येईपर्यंत तो बाकड्यावरून हलला नाही. तेवढ्या वेळात त्याने वॉचमनच्या पाळ्यांचं वेळापत्रक नव्याने आखून दिलं, लिफ्टसमोर रांग लावली आणि भेटीची वेळ संपली की घोषणा करून माणसं बाहेर काढली. दवाखान्याचं डिपॉझिट त्याने भरलं होतं, हे मला वडील बरे झाल्यावर कळलं. स्वारगेटहून केलेल्या रिक्षाचे चाळीस रुपये मात्र त्याने त्याच रात्री माझ्याकडून मोजून घेतले.

हे सगळं मी वहीत उतरवलं. मग समिती बसली.

अध्यक्षस्थानी थोरले मामा. सदस्य म्हणून मावशी, जावई आणि धाकटी सून. सून एका कंपनीत मनुष्यबळ विभागात असल्यामुळे तिच्या मताला वजन होतं.

“‘वेळेच्या बाबतीत मामा असह्य होता,’” मी वाचायला सुरुवात केली.

“‘असह्य’ काढ. ‘शिस्तप्रिय’ घाल,” थोरले मामा.

“‘उभ्या जन्मात त्याने कुणाला स्वतःच्या पैशाने चहा पाजला नाही.’”

“तिथे ‘साधी राहणी’ कर.”

“दुसऱ्याला चहा न पाजणं ही साधी राहणी?”

“त्याची साधीच होती की. आपले घसे कोरडे पडले, ते वेगळं.”

“दादा, थोडं पॉझिटिव्ह ठेवू या का?” सून म्हणाली. “म्हणजे ‘भांडायचा’ऐवजी ‘संवाद साधायचा’?”

“सुट्ट्या दोन रुपयांसाठी त्याने एकदा कंडक्टरशी साताऱ्यापासून कात्रजपर्यंत संवाद साधला होता,” मी म्हणालो. “खंबाटकीच्या बोगद्यातसुद्धा थांबला नाही.”

“बघा, किती छान वाटतंय!”

मग मावशींनी दवाखान्याला हात घातला. “हे फार चांगलं लिहिलंयस हो. फक्त ते रिक्षाचे चाळीस रुपये काढ. शोभत नाही.”

“मग राहिलं काय?”

“डिपॉझिट भरलं, ते राहिलं की!”

चाळीस रुपये काढल्याबरोबर मामा परोपकारी झाला आणि माझा मामा राहिला नाही. डिपॉझिट काय, एखादी धर्मादाय संस्थाही भरते. भरून रिक्षाचं भाडं वसूल करणारा माणूस मी एकच पाहिला होता.

एवढं कापून झाल्यावर मजकूर पाऊण पानाचा उरला. तेव्हा थोरल्या मामांना भव्यतेची आठवण झाली. “अत्र्यांसारखं लिही रे. ‘मराठा’तले त्यांचे मृत्युलेख वाचून परकी माणसं रडायची.”

“मग घाला, ‘गेल्या दहा हजार वर्षांत असा वाहतूक नियंत्रक झाला नाही’,” जावई म्हणाले.

“एसटीच १९४८ साली सुरू झालीय,” मी म्हणालो.

“बरं, ‘पंचाहत्तर वर्षांत’.”

“राज्यात एवढे डेपो, एवढे नियंत्रक. कुणीतरी हरकत घेईल.”

“मग ‘सातारच्या स्टँडवर’ म्हणा.”

“तिथेही एक जण होता म्हणे याच्याहून कडक,” मावशी म्हणाल्या. “पण तो सकाळपाळीला असायचा.”

शेवटी ‘सातारच्या स्टँडवर दुपारच्या पाळीत असा नियंत्रक झाला नाही’ यावर एकमत झालं आणि तेही नंतर सुनेने जागेअभावी काढलं.

मजकुराचं असं, तर फोटोचं त्याहून वेगळं. मामाचा एकट्याचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. त्यात तो फरार असल्यासारखा दिसत होता. मग एका लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्याला कापून काढलं. स्टुडिओवाल्याने कुणी न सांगता त्याला कोट चढवला, टाय बांधला, दोन छटा गोरा केला आणि मागे बर्फाचे डोंगर उभे केले. महाबळेश्वरच्या थंडीतही अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरलेला मामा स्वित्झर्लंडमध्ये टाय लावून बसला. डाव्या खांद्यावर मात्र कुणाची तरी चार बोटं कापायची राहून गेली. मावशींनी आक्षेप घेतला, “ही कुणाची बोटं?” माझी होती. फोटोत तेवढाच भाग खरा असल्यामुळे मी गप्प राहिलो.

दहाव्याला आम्ही संगम माहुलीला गेलो. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात, तिथे घाटावर. गुरुजींनी सांगून ठेवलं होतं, “अकराला पिंड शिवला, की मोकळे.” साडेनऊला पोचलो तर पिंपळावर कावळा आधीच बसलेला. सगळ्यांना बरं वाटलं. पिंड मांडले. कावळा ढिम्म. मग रीतीप्रमाणे आश्वासनं सुरू झाली.

“आईला अंतर देणार नाही,” मुलगा म्हणाला. कावळ्याने चोच पिसांत खुपसली.

“नातीचं लग्न थाटात करू,” सून म्हणाली. खर्चाचा विषय निघताच तो दोन फांद्या वर गेला.

“घराच्या वाटण्या न भांडता करू,” थोरले मामा म्हणाले. कावळ्याने मान वाकडी करून त्यांच्याकडे एका डोळ्याने पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला.

“पासबुकं सापडली हो!” जावई ओरडले. काही उपयोग झाला नाही.

गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. “दर्भाचा कावळा करून उरकू या का?” त्यांनी हळूच सुचवलं.

मामी इतका वेळ पायरीवर बसून होत्या. त्यांनी विचारलं, “तुम्ही अकराची वेळ सांगितली होती ना?”

“हो, पण...”

“मग थांबा. अजून सहा मिनिटं आहेत.”

अकराला कावळा उतरला. मामींनी पदर खोचला आणि भांडी गोळा करायला लागल्या. गुरुजींनी आपलं घड्याळ काढून कानाला लावलं.

माहुलीला छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे. १७४९ साली ते गेले. त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही समाधी तिथे आहे. शिकारीत वाघ चालून आला तेव्हा खंड्या भुंकला, म्हणून महाराज सावध झाले आणि वाचले, असं सांगतात. परत निघताना मी तिथे जरा थांबलो. कुत्र्याची समाधी बांधली गेली ती भुंकण्याबद्दल. त्या काळी आमची समिती असती, तर ‘भुंकला’ काढून ‘मत व्यक्त केलं’ घातलं असतं, आणि पुढे कुणालाच कळलं नसतं, की या मनमिळाऊ कुत्र्याला दगडाचा एवढा मान कशासाठी मिळाला.

दरम्यान कागदपत्रांचा घाट चढणं चालू होतं. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. ती मुलाने वेळेत केली. पुढचं काम माझ्याकडे आलं. पेन्शनसाठी मामाला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागे. समोर उभा राहून, आवाज चढवून वाद घालणारा हा माणूस जिवंत आहे, यावर तिथल्या कुणाचा कागदाशिवाय विश्वास बसत नसे. आता मी मृत्यूचा दाखला घेऊन त्याच खिडकीशी गेलो.

“अर्जावर पेन्शनरची सही नाही,” कारकून म्हणाला.

“ते वारलेत.”

“ते दिसतंय मला. पण सही?”

“वारलेला माणूस सही कशी करणार?”

“म्हणून आधी येऊन कळवायचं असतं.”

मामा असता, तर त्याने त्या खिडकीशी मनसोक्त संवाद साधला असता.

शोकसभा एका मंगल कार्यालयात झाली. पहिले वक्ते स्थानिक पुढारी. त्यांनी मामाच्या शिक्षणक्षेत्रातल्या कार्याचा गौरव केला, कारण त्यांना त्याच दिवशी दुसरी एक शोकसभा होती. दुसऱ्यांनी आपण आणि मामा मिळून काय काय केलं ते सांगितलं. त्यात मामाचा उल्लेख ‘आणि’ एवढाच होता. तिसऱ्यांनी मामाच्या आठवणीने सुरुवात करून स्वतःच्या बायपासपर्यंत मजल मारली. मग श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं मौन. ते कुणाच्या तरी मोबाइलवर ढोल-ताशा वाजेपर्यंत टिकलं. मामा असता, तर उरलेली सव्वा मिनिटं त्याने पुन्हा उभं करून भरून घेतली असती.

शेवटी मी समितीने मंजूर केलेलं पाऊण पान वाचलं. शिस्तप्रिय, साधी राहणी, स्पष्टवक्ते, परोपकारी. वाचताना मलाच वाटत होतं, की या गृहस्थांची आपली भेट कशी झाली नाही. तिसऱ्या रांगेत मामाच्या बरोबरीने नोकरी केलेले एक जुने ड्रायव्हर बसले होते. त्यांनी मान वळवून टायवाला फोटो पाहिला, शेजाऱ्याला विचारलं, “हा कार्यक्रम कुणाचा हो?” आणि आपण चुकीच्या हॉलमध्ये आलो असं समजून उठून चालू लागले. मामाच्या मुलाने त्यांना दारातून परत आणलं.

खरी शोकसभा नंतर, बाहेर, चहाच्या टेबलाशी झाली. सुरुवात त्या ड्रायव्हरनीच केली. बारावीच्या पेपरला निघालेली एक मुलगी धावत येताना दिसली, म्हणून मामाने मेढ्याची गाडी दोन मिनिटं रोखून धरली होती. त्याच्या नोकरीतला असा हा एकच प्रकार. नोंदवहीत कारण लिहिलं, ‘इंजिन तापले’. निकालानंतर ती मुलगी पेढे घेऊन आली. मामाने पेढे घेतले, गुणपत्रिका मागितली, टक्के बघितले आणि खवळला, “एवढ्यासाठी माझी दोन मिनिटं खाल्लीस?”

मग कुणाला धीर धरवेना. मामाने कुणाला भर पावसात छत्री उसनी दिली आणि पाऊस थांबताच घरी येऊन नेली, कुणाच्या बारशाला तो आहेर देऊन त्याची पावती मागत होता, सगळं निघालं. हसण्याचा आवाज आत गेला तसे थोरले मामा दटावायला बाहेर आले. “अरे, शोकसभा आहे ही!” एवढं म्हणाले आणि दुसऱ्या दमात सुरू झाले, “मी सख्खा थोरला भाऊ. एकदा गडबडीत तिकीट काढायचं राहिलं, तर मला यानेच धरून दिलं. वर दंडाची रक्कम सुट्टी मागितली!” सांगताना चहा त्यांच्या झब्ब्यावर सांडला, तरी त्यांनी किस्सा सोडला नाही.

मामी रिकामे कप उचलत होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “आत वाचलंस ते कुणाचं होतं रे?”

“मामी, समितीने...”

“माणूस बरा वाटला. मामांनी कधी ओळख करून दिली नाही.”

मला वाटलं, विषय इथे संपला. पण त्या सभेचा एक परिणाम असा झाला, की आमच्या नात्यातली सगळी ज्येष्ठ मंडळी सावध झाली. महिनाभरात थोरल्या मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली चार पानं मला गुपचूप आणून दिली. वर टीप होती : ‘मनमिळाऊ नको. ते सगळ्यांनाच लावतात. झुंजार चालेल.’ जावयांना ‘दानशूर’ हवं आहे. त्यासाठी आत्तापासून काही द्यावं लागेल का, असं त्यांनी काळजीने विचारलं. मावशींनी फोन करून सांगितलं, की त्यांच्या आणि त्यांच्या जावेच्या भांडणात चूक जावेची होती, एवढं एक वाक्य त्यात आलंच पाहिजे.

परवा सातारला गेलो तेव्हा मामीही म्हणाल्या, “माझं लिहायची वेळ आली, तर सगळं खरं लिही. चिडकी होती म्हण. त्या माणसाबरोबर संसार करून झाली, असंही लिही. वय तेवढं लिहू नकोस.”

“का हो?”

“अर्ध्या तिकिटाला कंडक्टरसुद्धा बायकांना वय विचारत नाही. मग फुकट बसलेल्या लोकांना कशाला सांगायचं?”